विहीर खोदताना मजूर खाली अडकले तर? खान्देशातल्या गावांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खान्देशात कोळशाच्या खाणी नाहीत, पण जमिनीखाली उतरून काम करणारी माणसं गावोगावी आहेत. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात जुनी विहीर आणखी खोल नेतात, साक्री-पारोळ्याकडे काळ्या पाषाणात सुरुंग लावून नवी विहीर पाडतात, तळाशी मशीन उतरवून आडवे बोर मारतात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास, पाणी तळाला गेलं की हे काम जोरात असतं आणि अपघातही त्याच दिवसांत जास्त होतात. शेतकरी, यारीवाले (विहिरीतला दगड-गाळ वर ओढायचं यंत्र चालवणारे), सरपंच आणि मदतीला धावणारी तरुण मुलं जे प्रश्न सतत विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

विहिरीची कडा ढासळली आणि माणसं खाली आहेत. पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं?

आधी सगळी यंत्रं बंद करा. यारीचं इंजिन, कॉम्प्रेसर, ट्रॅक्टर, शेजारच्या मळ्यातली मोटरसुद्धा. त्यांच्या हादऱ्याने सैल झालेली कडा आणखी सुटते, आणि इंजिनाच्या आवाजात खालची हाक ऐकू येत नाही. विहिरीत मोटरची केबल असेल तर स्टार्टर बंद करून भागत नाही, खांबावरून वीज तोडा.

मग माणसं मोजा. खाली किती होते, कोण कोण होते, शेवटी कुणाला कुठल्या बाजूला पाहिलं, हे यारीवाल्याकडून आणि मुकादमाकडून लगेच विचारून कागदावर लिहा. तासाभराने तीच माणसं गोंधळलेली असतात आणि आकडे बदलतात. नुसत्या अंदाजावर शोध सुरू झाला की आधीच घरी गेलेल्या माणसासाठी रात्रभर खोदाई चालते, किंवा त्याहून वाईट म्हणजे एक माणूस मोजायचाच राहून जातो.

त्याच वेळी दुसऱ्या कुणीतरी गर्दी मागे हटवायची. विहीर चाळीस फूट खोल असेल तर काठापासून चाळीस फुटांच्या आत कामाची माणसं सोडून कोणी नको. काठावर जाणं भागच असेल तर दारं, फळ्या, प्लायवूड अंथरून त्यावर पालथं पडून पुढे सरका, म्हणजे वजन एका जागी येत नाही. पन्नास माणसं काठावर वाकून बघतात तेव्हा तीन-साडेतीन टन वजन भेगाळलेल्या मातीवर आलेलं असतं.

फोन कोणाला करायचा, आणि काय सांगायचं?

११२ आणि १०८. दोन्ही करा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. तलाठी आणि तहसीलदारांनाही कळवा, कारण मोठी यंत्रं आणि बचाव दल त्यांच्यामार्फत हलतं.

“विहीर पडली, लवकर या” एवढं सांगून पथक अर्धवट तयारीने निघतं. गाव, शिवार, गट क्रमांक, डांबरी रस्त्यापासूनचं अंतर, विहिरीची खोली आणि रुंदी, वरची माती कसली, आत पाणी किती, माणसं किती, त्यांचा आवाज येतो का, आणि आत इंजिन चालू होतं किंवा सुरुंग उडवला होता का, एवढं सांगा. शेवटची गोष्ट बहुतेकजण विसरतात, आणि श्वसनयंत्रं बरोबर आणायची की नाही हे तिच्यावरच ठरतं. एक मोटारसायकलवाला फाट्यावर उभा करा. रात्रीच्या वेळी केळीच्या बागांमधून शेतरस्ता शोधण्यात अर्धा तास सहज जातो.

राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यात आहे. तिथून रावेरला यायला साधारण तीन तास धरा. राष्ट्रीय दलाची तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे इथे आहे, म्हणजे सात-आठ तास. तोवर नगरपालिकेचा अग्निशमन बंब आणि गावकरी एवढेच हाताशी असतात. म्हणून पुढचं सगळं गावाने जाणून घ्यायला हवं.

दोर बांधून एखादा धाडसी पोरगा लगेच उतरवला तर?

नाही. विहिरीतल्या दुर्घटनांत एकामागून एक जीव जातात ते याच पायी. पहिला माणूस बेशुद्ध पडतो, दुसरा त्याला उचलायला उतरतो आणि दोन मिनिटांत त्याच्याच शेजारी कोसळतो. एप्रिल २०२४ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या वाकडी गावात शेण साठवायला वापरलेल्या जुन्या विहिरीत पडलेल्या मांजराला काढायला एकामागून एक सहाजण उतरले. पाच दगावले. कमरेला दोर बांधलेला सहावा माणूस वर ओढता आला.

हवेत ऑक्सिजन साधारण २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की धोका सुरू. १६ च्या आसपास चक्कर येते, हातपाय जड पडतात, निर्णय चुकतात. १० च्या खाली शुद्ध हरपते आणि ६ च्या खाली काही मिनिटांत मृत्यू येतो. यात दम कोंडल्याची जाणीव होईलच असं नाही. बुटक्या शिडीवरून उतरताना माणूस बोलत असतो आणि पुढच्या पायरीवर हात सुटतो.

बंद पडलेल्या, कुजका पाला किंवा शेण साचलेल्या विहिरीत कार्बन डायऑक्साइड तळाशी बसतो, कारण तो हवेच्या दीडपट जड आहे. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. “आता वास कमी झालाय, उतरतो” हे वाक्य म्हणूनच फार घातक आहे.

आम्ही कंदील किंवा मेणबत्ती सोडून बघतो. ती विझली नाही तर हवा चांगली ना?

अर्धीच माहिती मिळते. ऑक्सिजन १६-१७ टक्क्यांच्या खाली गेला की मेणबत्ती विझते. म्हणजे विझली तर उतरायचं नाही, हे पक्कं. पण कार्बन मोनॉक्साइडमध्ये ती छान जळत राहते आणि माणूस मरतो. उपशासाठी डिझेल किंवा पेट्रोल-रॉकेलचं इंजिन विहिरीत खाली ठेवून चालवलं असेल, तर हाच वायू आत भरलेला असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो हवेएवढाच हलका असल्यामुळे तळाशी बसत नाही, सगळीकडे मिसळतो. जिथे जळणारे वायू साठले असतील तिथे तर उघडी ज्योत स्वतःच स्फोट घडवते.

खरी तपासणी चार वायूंच्या मीटरने होते. तो दोरीला बांधून वर, मध्ये आणि तळाशी, प्रत्येक ठिकाणी किमान दोन मिनिटं धरायचा, कारण त्याला आकडा स्थिर करायला वेळ लागतो. ऑक्सिजन १९.५ च्या वर, हायड्रोजन सल्फाइड दहा लाखांत १० भागांच्या खाली, कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत ३५ च्या खाली असेल तरच उतरायचं, आणि माणूस खाली असेपर्यंत मीटर त्याच्याबरोबर चालू राहिला पाहिजे. अग्निशमन दलाकडे हा मीटर असेल तर तो मागून घ्या.

ओला रुमाल, एन-९५ मास्क, नाकाला कांदा, यातलं काहीही वायू अडवत नाही.

मग आतली हवा बदलायची कशी?

उत्तम म्हणजे ब्लोअर आणि तळापर्यंत जाणारा कापडी किंवा प्लास्टिकचा मोठा पाइप. हवा वरून फुंकून उपयोग नाही, ती तळाशी सुटली पाहिजे म्हणजे घाण हवा वर ढकलली जाते. २० फूट रुंद आणि ५० फूट खोल विहिरीत सुमारे १५,७०० घनफूट हवा मावते. मिनिटाला १,५०० घनफूट देणारा ब्लोअर ती साधारण दहा मिनिटांत एकदा बदलतो. तीन-चार वेळा बदलल्याशिवाय भरवसा ठेवू नका, म्हणजे अर्धा-पाऊण तास.

सुरुंगाची भोकं पाडायला आणलेला ट्रॅक्टर-कॉम्प्रेसर बहुतेक विहिरींवर असतोच. तो मिनिटाला १०० घनफूट हवा देत असेल तर पूर्ण विहीर एकदा बदलायला अडीच तासांहून जास्त लागतील. तरी त्याची नळी खाली अडकलेल्या माणसाच्या तोंडाजवळ सोडली तर त्याच्याभोवती चांगली हवा राहते, आणि तेवढ्याने जीव वाचू शकतो. फक्त ट्रॅक्टर काठापासून लांब ठेवा, आणि असा की त्याचा धूर वाऱ्याने विहिरीकडे किंवा कॉम्प्रेसरच्या हवा ओढणाऱ्या तोंडाकडे येणार नाही, नाहीतर त्याचाच धूर ओढून तो खाली पाठवेल.

काहीच नसेल तर कडुनिंबाच्या फांद्यांचा मोठा भारा किंवा उघडी छत्री दोराने पुन्हा पुन्हा खाली-वर करा. पाण्याचा फवाराही हवा खाली ओढतो. याने हवा हलते, पण ती सुरक्षित झाल्याचा हा पुरावा नव्हे. ऑक्सिजनचं सिलिंडर मात्र आत मोकळं सोडू नका. ऑइल-ग्रीस लागलेल्या यंत्राजवळ साधी ठिणगीही मग भडका उडवते.

एकदा ढासळलेली कडा पुन्हा का ढासळते?

माती कुठली, यावर अवलंबून आहे, आणि खान्देशात दोन वेगळ्या जमिनी आहेत.

तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत गाळाचा पट्टा आहे. पिवळी माती, वाळू, गोटे, पुन्हा चिकण माती असे थर शेकडो फूट खाली जातात. ही माती कोरडी असताना सरळ भिंतीसारखी उभी राहते आणि फसवते. आठ दिवस काही होत नाही, म्हणून बांधकाम पुढे ढकललं जातं. मग मधला वाळूचा थर हळूहळू झिरपून सुटतो, वरच्या चिकण मातीखालचा आधार जातो आणि दहा-दहा फुटांची अख्खी लादी एकदम खाली येते. पहिली लादी पडल्यावर मागे जी भिंत उरते ती आणखी उंच, आधाराविना आणि बऱ्याचदा आतून कोरलेली असते.

धुळे, साक्री, पारोळा, चाळीसगावकडे वरची काळी माती आणि मुरूम ढासळतो, खाली पाषाण टिकतो. तिथे पाषाणाच्या दोन थरांमध्ये गेरूसारखा लाल मऊ पट्टा लागतो. तो पाण्याने भिजला की साबणासारखा होतो आणि वरचे दगड घेऊन सरकतो. त्या भागात गाडलं जाण्यापेक्षा डोक्यात दगड पडणं, सुरुंग आणि यारी यांनी जास्त माणसं जखमी होतात.

काठाला समांतर गेलेली भेग, खडे-माती सारखी किरकिर गळणं, भिंतीला आलेलं पोट, नव्याने पाझरलेली ओल आणि यारीच्या पायांचा कललेला तोल ही लक्षणं दिसली तर खाली कोणी असू नये. भेगेवर चुन्याची आडवी रेघ मारून ठेवा. रेघ तुटली म्हणजे जमीन सरकतेय. यासाठी एक माणूस फक्त पहाऱ्याला बसवा, दुसरं काहीही काम न देता.

जेसीबी लावून झटपट खोदून काढता येणार नाही का?

जेसीबीचा हात १४-१५ फुटांपर्यंत पोहोचतो, मोठ्या पोकलेनचा २०-२२ फूट. विहीर त्याहून खोल असेल तर काठावर यंत्र उभं करून काही मिळत नाही. उलट सात-आठ टनांचा जेसीबी किंवा वीस टनांचा पोकलेन काठच घेऊन आत जातो. यंत्राने काठाला हात लावणं म्हणजे खालच्या माणसावर आणखी माती लोटणं.

यंत्रांचं खरं काम बाजूने वाट करण्याचं. लांबून उतार घेत पायऱ्यापायऱ्यांनी खाली यायचं. गाळाच्या जमिनीत एक फूट खोलीला किमान एक फूट बाजू मोकळी करावी लागते. २० फूट रुंद, ४० फूट खोल विहीर अशी चारी बाजूंनी उघडायची ठरली तर साधारण १,१७० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती निघते. एक पोकलेन तासाला ३५ ब्रास काढत असेल तर त्याला ३३ तास लागतील. तीन पोकलेन आणि माती लांब टाकायला पुरेसे डंपर असतील तर ११-१२ तास. म्हणून चौफेर न उघडता, पक्की भिंत कुठली ते पाहून एकाच बाजूने पाचर काढतात आणि काम तिसऱ्या हिश्श्यावर आणतात. माती काठावर न रचता विहिरीच्या खोलीच्या निम्म्याहून लांब टाकायची.

माणूस तीन-चार फुटांवर असल्याचा अंदाज आला की यंत्र थांबतं. पुढे फावडं आणि घमेलं, आणि शेवटचा हातभर भाग नुसत्या हातांनी. टिकाव तिथे वापरायचाच नाही.

पाणी भरलंय. चार मोटरी लावून उपसायचं का?

माणूस पाण्यात बुडत असेल तर उपसा करावाच लागतो. पण आत पाणी आहे आणि माणूस त्याच्या वर, लादीवर अडकलेला आहे, तेव्हा घाई करू नका. विहीर भरलेली असते तेव्हा पाणी भिंतीला आतून टेकू देतं. ते भराभर उपसलं की टेकू जातो, मातीत मुरलेलं पाणी मात्र आतच राहतं आणि भिंतीला विहिरीच्या बाजूला ढकलतं. पातळी हळूहळू उतरवा आणि प्रत्येक टप्प्याला थांबून भेगा पाहा. शेजारच्या केळीचं ठिबक, पाट, कालव्याची चारी सगळं बंद करायला सांगा. हे सांगायचं कुणालाच सुचत नाही, आणि खालची माती भिजत राहते.

माणूस छातीपर्यंत गाडलाय, डोकं मोकळं आहे. काखेत दोर घालून ओढला तर निघेल ना?

निघणार नाही, आणि ओढाल तर पाठीचा कणा, खांदे, मांडीचे सांधे मोडतील. एका घनफूट मातीचं वजन ४५ ते ५० किलो. एक ब्रास म्हणजे साडेचार-पाच टन. छातीपर्यंत गाडलेल्या माणसाला माती नुसती दाबत नाही, प्रत्येक श्वास सोडल्यावर तयार झालेल्या पोकळीत थोडी घसरते आणि पुढचा श्वास आखडत जातो. म्हणून तो बोलतोय हे पाहून निवांत होऊ नका.

आधी त्याच्या डोक्यावर आडोसा करा. यारीच्या तराफ्याची फळी, ट्रॉलीचं फाळकं, लाकडी दार, जे मिळेल ते तिरकं टेकवून, म्हणजे वरून पडणारं त्याच्यावर येणार नाही. हेल्मेट असेल तर घाला. मग दोन्ही बाजूंना फळ्या उभ्या करून मध्ये बल्ल्या आडव्या ठोका किंवा ट्रॅक्टरचे जॅक लावा. यानंतरच छातीभोवतीची माती काढायला सुरुवात करायची. पहिलं ध्येय छाती मोकळी करण्याचं. तेवढं झालं की श्वास सुटतो आणि वेळ हाताशी येतो. पुढे कंबर, मांड्या, गुडघे. पाय पोटरीपर्यंत मोकळे झाल्याशिवाय उचलायचा प्रयत्न नको, कारण ओल्या चिकण मातीत बूट आणि पाऊल खालून धरून ठेवल्यासारखे अडकतात. बूट कापून टाकावा लागला तर टाका.

खाली एका वेळी दोनच माणसं, दर १५-२० मिनिटांनी बदलायची. वैशाखात वर ४४ अंश असताना खाली वारा नसतो, आणि दमलेल्या हाताने फावडं माणसाला लागतं.

पायावर दगड आहे, तीन तास झाले. दगड उचलून लगेच मोकळा करावा का?

इथे डॉक्टर आधी, दगड नंतर. तासाभराहून जास्त दबलेल्या स्नायूंमध्ये पोटॅशियम आणि इतर विषारी द्रव्यं साठतात. दगड उचलला की ती एकदम रक्तात येतात. हृदय बंद पडू शकतं, नंतर मूत्रपिंडं निकामी होतात. वर आलेला माणूस हसून बोलला आणि रुग्णवाहिकेत दगावला, असं होतं ते यामुळे. म्हणून १०८ च्या डॉक्टरांनी दगड उचलण्याआधीच सलाइन सुरू करायला हवं. किती आणि कोणतं द्यायचं ते त्यांनीच ठरवायचं. डॉक्टर तिथवर पोहोचू शकत नसतील तर सलाइनची नळी दोरीने लांबवून देता येते का, हे त्यांना विचारा.

दगड उचलताना जॅक दोन बाजूंनी लावा आणि प्रत्येक इंचाला खाली लाकडी ठोकळे सरकवत जा. जॅक घसरला तरी दगड ठोकळ्यावर थांबला पाहिजे.

आवाज येतोय पण दिसत नाही. काय करावं?

पोकळी आहे, म्हणजे आशा आहे. तळाशी आडव्या बोरचं मशीन असेल तर त्याच्या आडोशाला अशी पोकळी हमखास राहते. सगळ्यात आधी तिथवर पाइप पोहोचवा. केळीच्या मळ्यात ठिबकच्या मेन लाइनचे ६३ किंवा ७५ मिलिमीटरचे वीस फुटी पाइप असतातच. दगडांच्या फटीतून, पडलेल्या फळीच्या बाजूने तो हळूहळू सरकवा, ठोकू नका. खालच्या तोंडाला कापडाचा सैल बोळा घाला म्हणजे माती भरणार नाही, आणि आतल्या माणसाला तो काढून घ्यायला सांगा. या एका पाइपमधून हवा जाते, पाणी जातं, आवाज येतो.

मोठ्या खाण-बोगद्याच्या बचावातही हाच क्रम असतो. १२ नोव्हेंबर २०२३ ला उत्तराखंडात सिल्क्यारा बोगदा कोसळून ४१ कामगार अडकले. सुरुवातीला चार इंची पाइपातून हवा आणि खाण्याचं थोडंथोडकं साहित्य गेलं, पुढे सहा इंची पाइप पोहोचल्यावर गरम जेवण आणि कॅमेराही गेला. सुटकेच्या मोठ्या पाइपासाठी लावलेलं यंत्र शेवटच्या टप्प्यात लोखंडात अडकून तुटलं, आणि उरलेला भाग माणसांनी हाताने कोरून काढला. सतराव्या दिवशी सगळे ४१ बाहेर आले. १९८९ मध्ये राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी शिरलं तेव्हा जसवंतसिंग गिल या अभियंत्याने जमिनीवरून भोक पाडून, माणूस उभा मावेल अशी पोलादी कुपी खाली सोडली. ते स्वतः त्यातून खाली गेले आणि ६५ कामगारांना एकेक करून वर पाठवलं. चिलीत २०१० मध्ये सुमारे ७०० मीटर खाली अडकलेल्या ३३ जणांचा पत्ता १७ व्या दिवशी लागला, आणि ६९ व्या दिवशी ते अशाच कुपीतून वर आले.

या तिन्ही ठिकाणी एकाच उपायावर भिस्त ठेवली नव्हती. एक भोक पाडत असतानाच दुसऱ्याची तयारी चालू होती. विहिरीवरही पाइप, बाजूची वाट आणि वरून आधार देणं ही कामं एकामागून एक नव्हे, एकदमच सुरू व्हायला हवीत.

खाली अडकलेल्याशी बोलायचं काय?

एकच माणूस बोलेल, आणि तो त्याच्या ओळखीचा, त्याच्या भाषेत बोलणारा असावा. खोदकामाला सातपुड्यातले पावरा, भिल्ल मजूर बरेच असतात. त्यांना प्रमाण मराठीत अधिकाऱ्याने सूचना देण्यापेक्षा पावरीत भावाने सांगितलेलं कळतं आणि धीर देतं. अहिराणी बोलणाऱ्याला “घाबरू नको भाऊ, मी आठेच शे” हे पुरतं. ओरडू नको, हळू श्वास घे, नाकातोंडावर कापड धर, कुठल्या पायाला मुंग्या येतात ते सांग, एवढ्यावर ठेवा. “दहा मिनिटांत काढतो” असं खोटं वचन नको. वेळ टळून गेला की तो हालचाल करायला लागतो. काठावर रडारड होत असेल तर घरच्यांना प्रेमाने थोडं लांब न्या. खाली सगळं ऐकू जातं.

वर कसं घ्यायचं? यारीच्या बकेटमध्ये बसवलं तर?

शुद्धीत, न जखमी असलेल्याला पूर्ण अंगाचा पट्टा लावून तिपाईवरून घेणं सर्वात बरं. ते नसेल तर मांड्यांखालून आणि छातीभोवती अशी दोरीची बैठक करा, न सरकणाऱ्या, न आवळणाऱ्या गाठीने. नुसता काखेतला दोर नको. अर्धशुद्धीतल्या माणसाचे हात वर गेले की तो त्यातून निसटून खाली पडतो.

बेशुद्ध किंवा पाठीला मार लागलेल्याला बाज उपयोगी पडते. चारी पायांना चार दोर, माणूस बाजेला तीन ठिकाणी रुंद पट्ट्याने बांधलेला, डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेली गोणी. दोर एका लयीत ओढा, नाहीतर बाज उभी होते. ती कडेला आदळू नये म्हणून आणखी दोन दोर खालून धरायला द्या.

यारी वापरायचीच असेल तर तिचा वायररोप आधी हातभर हातभर तपासा. तुटलेल्या तारा, चपटा झालेला भाग, गंज दिसला की ती माणसासाठी नाही. माणूस चढवायचा दोर येणाऱ्या वजनाच्या दहापट भार सोसणारा हवा, आणि ब्रेकच्या भरवशावर न राहता एक वेगळा सुरक्षा दोर हाताने सोबत ओढत राहा. खुणा आधी ठरवा: एक शिट्टी थांब, दोन वर, तीन खाली. शिट्टी एकाच्याच हातात.

वर आला, आता?

आडवा ठेवा. माती तोंडात दिसत असेल तेवढीच बोटाने काढा. श्वास नसेल तर छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटीमीटर खोल, प्रत्येक ३० दाबांनंतर दोन श्वास. वायूने किंवा पाण्याने गुदमरलेल्याला हे दोन श्वास फार महत्त्वाचे आहेत, नुसत्या दाबांवर थांबू नका. ग्लानीत असलेल्याला पाणी पाजू नका. ठीक वाटतोय म्हणून घरी न नेता रुग्णालयात न्या.

सुरुंगानंतर अडकले असतील तर वेगळं काय?

दोन गोष्टी. न उडालेला बार खाली असू शकतो, म्हणून परवानाधारक सुरुंगवाल्याला विचारल्याशिवाय ढिगात पहार घालायची नाही. किती भोकं भरली आणि किती आवाज ऐकले, हे त्याने सांगायला हवं. आणि सुरुंगाचा तांबूस धूर विहिरीत तासन्‌तास राहतो. तो घेतलेल्याला लगेच थोडा खोकला येतो, मग बरं वाटतं, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. अशाला त्या रात्री दवाखान्यातच ठेवलं पाहिजे.

किती वेळानंतर आशा सोडायची?

हा निर्णय गावाने घ्यायचा नाही. तोंड-नाक मातीने पूर्ण बंद झालं तर मेंदूला चार-पाच मिनिटंच मिळतात, हे खरं आहे. पण पोकळी राहिली का, हे वरून दिसत नाही. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं सगळं काम थांबवा, शिट्टीही नको, आणि पाइपाला कान लावून ऐका. दगडावर दगड आपटल्याचा बारीक आवाज अशा शांततेतच सापडतो.

बोअरवेलमध्ये मूल पडलं तर हेच सगळं करायचं का?

हवा, शांतता, गर्दी हटवणं तेच. पण वरून हूक, गळ टाकून ओढू नका, मूल आणखी खाली सरकतं. बोरजवळ समांतर खड्डा घेऊन आडवी वाट काढतात, ते काम दलाचंच. वापरात नसलेलं बोर भरून टाकणं आणि चालू बोरला पोलादी झाकण बसवून भोवती सिमेंटचा ओटा बांधणं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बंधनकारक केलं आहे.

पुढच्या हंगामाआधी गावाने काय तयार ठेवावं?

ग्रामपंचायतीच्या खोलीत बारा मिलिमीटरचे शंभर फुटी दोन चांगले दोर, पूर्ण अंगाचे दोन पट्टे, लोखंडी तिपाई, चार हेल्मेट, डोक्याला लावायच्या बॅटऱ्या, दोन इंच जाडीच्या दहा फळ्या, सहा बल्ल्या, दोन हायड्रॉलिक जॅक, लाकडी ठोकळे, शिट्ट्या. ब्लोअर आणि वायूंचा मीटर चार-पाच गावांनी मिळून घेतला तरी चालेल. मीटरची बॅटरी आणि त्याच्या तपासणीची तारीख आखाजीआधी बघा. दोर उंदरांनी कुरतडलेले निघतात, म्हणून ते पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून वर, खताच्या गोण्यांपासून लांब ठेवा. पेटीची एक किल्ली सरपंचांकडे, दुसरी शाळेजवळच्या कुणाकडे, जिथे दिवसाही माणूस सापडतो.